खेळ आणि खेळाचा डांगोरा

दिवाळी सरली म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडईचे दिवस येतात. धान कापणीस आलेले असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि रात्री मंडपात नाटक व्हावयाचे असते. नाटकाच्या आधी तीन-चार दिवस भोंगा बांधलेली एक गाडी आसपासची सारी खेडी पालथी घालते. असे नाटक झाडीपट्टीत पूर्वी झाले नाही व पुढे होणार नाही. नायिका रडू लागली की दगडासही पाझर फुटेल. विनोदवीर आला की हसून हसून पोट दुखेल, असे त्या भोंग्यातून सांगण्यात येते. शेतकरी बांधावर उभा राहून हे ऐकतो, मिशीत हसतो, व पुन्हा विळा चालवू लागतो. रात्री तो नाटकास जातो खरा. परंतु नाटक कसे झाले हे तो पहाटेपर्यंत तेथे बसून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवितो. भोंगा तो भोंगा व नाटक ते नाटक, हा विवेक त्याच्या अंगी उपजतच असतो.

हाच विवेक आमच्या विद्यार्थ्यांनी बास्केटबॉलच्या बाबतीत कोठे गमावला, ह्याचा विचार करता करता हा लेख लिहावयास घेतला आहे. आम्ही स्वतः ह्या खेळाचे जुने भक्त आहोत. अमेरिकेतील सायंकाळचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात, आणि घरातील मंडळी नाके मुरडीत असताही कांबळे पांघरून ते पाहण्याचा आमचा परिपाठ आहे. तेव्हा आम्ही जी तक्रार मांडणार आहोत ती बाहेरच्याची नव्हे, घरच्याची आहे असे समजावे. आमच्या मधल्या सुट्टीत मुले ज्या खेळावर हिरिरीने वाद घालतात, तो खेळ त्यांनी बहुधा पाहिलेलाच नसतो. त्यांनी पाहिलेला असतो तो त्या खेळाचा भोंगा. अर्ध्या मिनिटाचे चित्र, कड्याला लोंबकळणारा एक खेळाडू, आणि त्याखाली 'सर्वकाळातील सर्वश्रेष्ठ कोण?' हा प्रश्न. चेंडू त्या खेळाडूच्या हाती आला कोठून, कोणी दिला, त्याला वाट कोणी करून दिली, हे त्या अर्ध्या मिनिटात मावत नाही.

हा खेळ मुळात कशासाठी निघाला हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण आमच्यासारख्या मिशनशाळांशी त्याचे नाते फार जवळचे आहे. जेम्स नेस्मिथ हा कॅनडात १८६१ साली जन्मलेला गृहस्थ. त्याने माँट्रियल येथे ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला. परंतु उपदेशपीठावर न चढता तो अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षणशाळेत व्यायामशिक्षक झाला. १८९१ च्या डिसेंबरातील गोष्ट. बाहेर बर्फ पडत होते आणि आत अठरा धट्टेकट्टे विद्यार्थी कवायतीस कंटाळून गेले होते. दाराआड खेळता येईल व ज्यात हातपाय मोडणार नाहीत असा एखादा खेळ चौदा दिवसांत काढावा, असे त्यास वरिष्ठांनी सांगितले. त्याने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणविल्या आणि व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास खिळविल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, एवढ्याच कारणास्तव आजही जगभर ते कडे दहा फुटांवर असते. टोपलीस बूड असल्यामुळे चेंडू पडला की तो वर चढून काढावा लागे. पहिल्या सामन्यात एका बाजूस नऊ असे अठराही जण खेळले, आणि सबंध सामन्यात चेंडू टोपलीत पडला तो एकदाच.

त्याने लिहिलेल्या तेरा नियमांतील तिसरा नियम आमच्या मते ह्या खेळाचा प्राण आहे. चेंडू हाती घेऊन खेळाडूने धावू नये. जेथे तो झेलला तेथूनच तो फेकावा. ह्याचे कारण साधे होते. चेंडू घेऊन धावणारा असला म्हणजे त्याला पाडणारा असतो, आणि पाडापाडी तर नेस्मिथला टाळावयाची होती. परंतु ह्या एका नियमाचा परिणाम असा झाला की, चेंडू ज्याच्या हाती तो मनुष्य जागीच खिळला, आणि बाकीच्यांच्या हालचालीवाचून त्याचे काही चालेनासे झाले. चेंडू जमिनीवर आपटीत पुढे नेण्याची रीत मागाहून आली. मूळचा खेळ हा देण्याघेण्याचा खेळ होता. नेस्मिथ पुढे कॅन्सास येथील विद्यापीठात शिक्षक झाला. तेथे त्याच्या हाताखालच्या संघाने जिंकलेल्या सामन्यांहून हरलेले सामने अधिक आहेत, ही गोष्ट आम्ही हरलेल्या संघास मुद्दाम सांगत असतो! १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपला खेळ खेळला गेलेला त्याने डोळ्यांनी पाहिला, व १९३९ साली तो वारला.

स्प्रिंगफील्डच्याच परंपरेतील हॅरी क्रो बक ह्यांनी १९२० साली मद्रास येथे वाय. एम. सी. ए. तर्फे शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तेथे शिकून तयार झालेले व्यायामशिक्षक हिंदुस्थानभर पसरले, आणि मिशनशाळांच्या आवारांत दोन खांब व दोन कडी उभी राहू लागली. मुलांना शिस्तीने एकत्र खेळविण्याचे ते साधन होते. त्यात तिकीट नव्हते की जाहिरात नव्हती.

आता व्यावसायिक खेळाकडे वळू. अमेरिकेतील एन. बी. ए. ह्या संस्थेत तीस संघ आहेत. प्रत्येक संघ एका हंगामात ब्याऐंशी सामने खेळतो. म्हणजे सर्व मिळून सामने होतात १,२३०. विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. सुमारे सहा महिन्यांत बाराशे तीस सामने! सामन्यांच्या ह्या पुरात एका सामन्याची स्वतःची किंमत ती काय राहणार? मंगळवारी हरलेला संघ गुरुवारी जिंकतो, आणि तोवर मंगळवार कोणाच्या ध्यानातही नसतो. परंतु हे सामने दाखविण्याचा हक्क दूरचित्रवाणीच्या व इंटरनेटच्या कंपन्यांनी विकत घेतलेला असतो. २०२४ साली जो करार जाहीर झाला तो अकरा वर्षांचा असून त्याची रक्कम सुमारे ७,६०० कोटी डॉलर आहे. एवढे द्रव्य ओतणाऱ्यास ते जाहिरातींतून व वर्गणीतून परत मिळवावयाचे असते. आणि ते मिळावयाचे तर 'आजचा सामना साधाच आहे' असे म्हणून त्याचे भागत नाही. म्हणून प्रत्येक सामन्यास सूडाची, वारसाची, अपमानाची काहीतरी कथा चिकटवावी लागते. दहा माणसे मैदानावर असताना जाहिरातीत दोनच चेहरे दिसतात, कारण कथा चेहऱ्याची होते. चेंडू पाच हातांतून कसा फिरला ह्याची होत नाही. ह्यात कोणी दुष्ट आहे असे आम्ही म्हणत नाही. भोंगेवाल्यासही पोट आहेच.

ह्या व्यवहारात खेळाची बाजू कशी लंगडी पडते ह्याचे एक उदाहरण पाहा. २०१२ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियो स्पर्स ह्या संघाचा मियामी येथे सामना होता, आणि तो देशभर दाखविला जावयाचा होता. लांबच्या दौऱ्याने थकलेल्या आपल्या चार प्रमुख खेळाडूंस प्रशिक्षक ग्रेग पोपोविच ह्यांनी विश्रांतीसाठी सरळ घरी धाडून दिले. संस्थेने त्या संघास अडीच लाख डॉलर दंड केला. गंमत ही की, उरलेल्या खेळाडूंनी तो सामना शेवटपर्यंत झुंजविला व ते केवळ पाच गुणांनी हरले. आम्हास तो सामना फार आवडला होता! ज्यांची नावे जाहिरातीत नव्हती ते जीव तोडून खेळले. परंतु लोकांस दाखविण्याचे वचन चेहऱ्यांचे दिलेले होते, खेळाचे नव्हे. दूरवरून तिकीट काढून आलेल्या बापलेकांची निराशा झाली असेल हे आम्हास मान्य आहे. मात्र त्यांना चेहऱ्यांसाठी बोलाविले कोणी, हा प्रश्न उरतोच. ह्याच संघाने २०१४ साली त्याच मियामीस अंतिम फेरीत चार विरुद्ध एक असे हरविले, आणि त्या फेरीत चेंडू जसा हातोहात फिरला तसा फिरताना आम्ही क्वचितच पाहिला आहे.

मायकेल जॉर्डनचे नाव घेतल्यावाचून मुलांचे समाधान होणार नाही. त्याच्या थोरवीविषयी वाद नाही. परंतु त्याच्या नावाने जी पेठ उघडली ती पाहण्यासारखी आहे. १९९२ साली हॅरल्ड मायनर नावाचा तरुण 'बाळ जॉर्डन' हे टोपणनाव घेऊन एन. बी. ए. मध्ये आला. उडी मारून चेंडू कड्यात कोंबण्याची स्पर्धा त्याने १९९३ व १९९५ अशी दोनदा जिंकली. एन. बी. ए. मध्ये तो चार हंगाम टिकला. उडी खरी होती. उरलेला खेळ दुसऱ्याच्या नावाच्या ओझ्याखाली दबला, असे आमचे मत आहे. खुद्द जॉर्डनविषयीची जी गोष्ट प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगितली जाते, की त्याला शाळेच्या संघातून हाकलून लावले व त्याने जिद्दीने जग जिंकले, तीही पुरती खरी नाही. तो त्यावेळी खालच्या वर्गात होता. त्याला मोठ्या मुलांच्या संघात न घेता धाकट्यांच्या संघात घातले, एवढेच. आम्ही स्वतः ही गोष्ट ह्या शाळेच्या व्यासपीठावरून दोनदा तरी सांगितली आहे, आणि टाळ्याही घेतल्या आहेत.

त्याच जॉर्डनची दुसरी एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. १९९७ सालच्या अंतिम फेरीचा सहावा सामना. युटाविरुद्ध गुणसंख्या ८६-८६ अशी बरोबरीत, आणि काही सेकंद उरलेले. चेंडू जॉर्डनकडेच जाणार हे साऱ्या जगास ठाऊक होते. युटाच्या खेळाडूंसही ठाऊक होते, म्हणून दोघे त्याच्यावर धावून गेले. जॉर्डनने चेंडू मोकळ्या उभ्या असलेल्या स्टीव्ह कर ह्यास दिला, आणि करने तो कड्यात टाकला. शिकागोचे अजिंक्यपद त्या फेकीने पक्के झाले. दोन जण अंगावर आले म्हणजे आपला कोणीतरी मोकळा राहिलेला असतो, हे गणित नेस्मिथच्या तिसऱ्या नियमाइतकेच जुने आहे.

डांगोरा नेहमीच खोटा असतो असेही म्हणता येत नाही, आणि हीच त्यातील मोठी अडचण आहे. लेब्रॉन जेम्स हा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा असताना, २००२ च्या फेब्रुवारीत, एका मोठ्या क्रीडासाप्ताहिकाने त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापून त्यास देवाने निवडलेला पुरुष ठरविले. तो शब्द आमच्या कानास खटकतो. तरीपण तो मुलगा खरोखरच त्या भाराखाली मोडला नाही. २०२३ साली त्याने करीम अब्दुल-जब्बार ह्यांचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मागे टाकला. एक भाकीत असे खरे ठरले की त्याच्या आडोशाने शंभर खोटी भाकिते सुखाने नांदतात.

उलट बाजूही ऐका. दर वर्षी नवे खेळाडू निवडण्याचा जो समारंभ होतो त्यास ड्राफ्ट म्हणतात. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये एकेचाळिसावे नाव पुकारले गेले ते सर्बियाच्या निकोला योकिच ह्याचे. त्या क्षणी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर एका उपाहारगृहाच्या खाद्यपदार्थांची जाहिरात चालली होती. त्याची निवड प्रेक्षकांनी पाहिलीच नाही. तो धिप्पाड, मंद भासणारा, जमिनीपासून फारसा न उडणारा गडी पुढे तीन वेळा त्या संस्थेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२३ साली त्याने डेन्व्हरच्या संघास त्यांचे पहिले अजिंक्यपद मिळवून दिले. त्याचे मुख्य शस्त्र म्हणजे चेंडू देणे.

आता आपल्या घराजवळ येऊ. विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले मराठी गृहस्थ. अमेरिकेत जाऊन त्यांनी संगणकाच्या धंद्यात मोठे नाव काढले. आपल्या मुलीच्या, बारा वर्षांच्या आसपासच्या मुलींच्या, संघास ते खेळ शिकवू लागले, तेव्हा त्यांस ह्या खेळाची काहीच माहिती नव्हती. चेंडू गेला की सारा संघ निमूटपणे मागे का सरतो, हे त्यांना कळेना. नियमाप्रमाणे चेंडू बाहेरून आत टाकण्यास पाच सेकंदच मिळतात. तेव्हा तेथेच का अडवू नये? त्यांच्या मुली उंच नव्हत्या, कुशलही नव्हत्या. पण सबंध मैदानभर त्या प्रतिपक्षास श्वास घेऊ देत ना. तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाऊन पोहोचला. 'न्यूयॉर्कर' ह्या नियतकालिकात २००९ साली माल्कम ग्लॅडवेल ह्यांनी ही हकीकत दावीद व गल्याथ ह्यांच्या गोष्टीशी जोडून लिहिली, आणि तिचा जगभर बोलबाला झाला.

२०१३ साली रणदिवे सॅक्रामेंटो किंग्ज ह्या व्यावसायिक संघाचे प्रमुख मालक झाले. आता दावीद राज्यावर बसला अशा थाटात मोठमोठ्या अपेक्षा व्यक्त झाल्या. परंतु मुलींच्या सामन्यात जी युक्ती चालते ती जगातील निवडक चेंडूपटूंपुढे चालत नसते. आणि तो संघ २००७ पासून २०२२ पर्यंत ओळीने सोळा हंगाम बादफेरीत जाऊ शकला नाही. एन. बी. ए. च्या इतिहासात एवढा दीर्घ वनवास दुसऱ्या संघास घडलेला नाही. २०२३ साली तो संपला. ह्यात रणदिव्यांस उणे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. हकीकत खरी होती, तिचा डांगोराच तिच्याहून लांब गेला.

त्यांच्याच संघाने २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईस येऊन वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळले. हिंदुस्थानात एन. बी. ए. चे संघ एकमेकांशी खेळण्याची ती पहिलीच वेळ. पहिल्या दिवशी तीन हजार शाळकरी मुलांनी सामना पाहिला. तो जादा वेळेत जाऊन पेसर्सनी १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. दुसरा त्यांनी १३०-१०६ असा सहज घेतला. हे सामने हंगामापूर्वीच्या सरावाचे होते, त्यांचा निकाल कोठेच धरला जात नाही. हे मात्र त्या आठवड्यात आमच्या हाती आलेल्या वृत्तपत्रांत शोधूनही सापडले नाही. प्रेक्षागारात कोण कोणते पोशाख करून आले होते, ते पुष्कळ सापडले. एका गुणाने निकाल लागला तो कसा लागला, हे जाणून घ्यावयाचे असेल तर आमच्यासारख्याने काय करावे?

इतके सांगून झाल्यावर स्वतःविषयी सांगणे प्राप्त आहे. २०१५ साली पंजाबातील बल्लो के गावचा सतनाम सिंग हा सात फूट दोन इंच उंचीचा तरुण ड्राफ्टमध्ये बावन्नावा निवडला गेला. हिंदुस्थानात जन्मलेला तो पहिलाच. चौदाव्या वर्षी घरदार सोडून तो फ्लॉरिडात शिकावयास गेला होता. त्याचे कष्ट खोटे नव्हते. परंतु त्याच्यावर जो चित्रपट निघाला त्याचे नावच 'शंभर कोटींत एक' अशा अर्थाचे होते, आणि एकोणीस वर्षांच्या त्या पोराच्या खांद्यावर शंभर कोटी माणसे बसविण्यात आली. एन. बी. ए. च्या मुख्य हंगामातील एकही सामना तो खेळला नाही. पुढे २०२२ पासून तो अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. मैदानावरून तो निघून गेला हे सांगावयास मात्र कोणताही भोंगा फिरला नाही.

ज्या वर्षी त्याची निवड झाली त्या वर्षी वैनगंगेपलीकडच्या एका खेड्यातला मुलगा आमच्या संघात होता. वय पंधरा, उंची सहा फूट दोन इंच. वडिलांची थोडी धानाची शेती. प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेसमोर आम्ही त्यास पुढे बोलाविले आणि 'हा आपला सतनाम' असे म्हटले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्या दिवसापासून त्याला सारे सतनामच म्हणू लागले. पुढे वडील आम्हास विचारावयास आले, 'सर, अमेरिकेस पाठवावयाला किती लागतात?' आम्ही हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर दिले नाही. मुलगा मात्र कड्याखाली उभा राहून चेंडूची वाट पाहू लागला. पूर्वी तो धावे, दुसऱ्यास वाट करून देई, कोणी पडले तर हात देई. आता त्यास उडी मारण्याखेरीज काही सुचेना. जिल्ह्याच्या सामन्यांत आपण हरलो. दुसऱ्या दिवशी वर्गातील कोणीतरी त्याच नावाने त्यास चिडविले, आणि तो पुन्हा मैदानावर आला नाही. दहावीनंतर त्याने शाळा सोडली. त्याच्या वडिलांस आम्ही मागाहून भेटलो. त्यांनी चहा दिला, धानाचे भाव सांगितले, खेळाचा विषय काढला नाही. आमची तक्रार वृत्तपत्रांविरुद्ध आहे तशीच त्या प्रार्थनेच्या वेळच्या आमच्या तोंडाविरुद्धही आहे.

तेव्हापासून आम्ही एक पद्धत पाडली आहे. सामना पाहताना पहिली दहा मिनिटे चेंडूकडे पाहावयाचे नाही. ज्याच्या हाती चेंडू नाही अशा एकाच खेळाडूवर डोळा ठेवावयाचा. तो कोणाच्या वाटेत नुसता उभा राहून आपल्या सोबत्यास मोकळे करतो, रिकाम्या कोपऱ्याकडे धावून शत्रूचा एक माणूस कसा ओढून नेतो, हे दिसू लागले म्हणजे सामन्याची गोडी वेगळीच लागते. घरी पालकांनीही मुलांसोबत हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. त्यास खेळाचे ज्ञान लागत नाही.

आणि शनिवारी कवायतीनंतर पहिली पंधरा मिनिटे आमच्या मैदानावर नेस्मिथचा तिसरा नियम लागू असतो. चेंडू आपटावयाचा नाही, घेऊन धावावयाचे नाही, जेथे झेलला तेथूनच द्यावयाचा. आणि चेंडू खाली न पडता किती हातांतून फिरला ते बाहेर बसलेल्यांनी मोठ्याने मोजावयाचे. मोठ्या मुलांचा आकडा अजून सतराच्या वर गेलेला नाही. गेल्या शनिवारी सातवीच्या मुलींनी बावीस केले. त्यांचे म्हणणे तेवीस केले असे आहे, आणि तो वाद हा अंक छापावयास जाईपर्यंत मिटलेला नाही.